डिझेलची वही आणि चालकाचा पाय

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेतील धूलिकणांची मर्यादा वर्षानुवर्षे ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडातील दोन्ही मोठी शहरे होती. भातकुली हे तालुक्याचे गाव अमरावतीच्या पश्चिमेला वीस किलोमीटरांच्या आत आहे. कचेरी, कॉलेज, दवाखाना, बाजार समिती आणि बियाण्यांची दुकाने यांसाठी इथली माणसे सकाळी अमरावतीकडे जातात आणि संध्याकाळी परततात, त्यामुळे शहराच्या हवेत मिसळणाऱ्या धुराचा काही वाटा याच रस्त्यावर तयार होतो. या रस्त्यावर फटफट्या आहेत, काळीपिवळी आहे, माल वाहणारा छोटा हत्ती आहे, एसटी आहे, आणि हंगामात कापूस-सोयाबीनच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आहेत. यांपैकी बहुतेक गाड्या अजून बरीच वर्षे चालणार आहेत, आणि नवी गाडी घ्या हा सल्ला त्यांच्या मालकांना आज तरी उपयोगाचा नाही. आहे ती गाडी, आहे त्याच रस्त्यावर, कमी धूर सोडून कशी चालवता येईल आणि धूर खरोखर कमी झाला की नाही हे कसे ओळखता येईल, एवढ्याच प्रश्नाचा इथे विचार केला आहे.

त्यासाठी सायलेन्सरमधून जे बाहेर पडते त्याचे दोन भाग वेगळे समजून घ्यावे लागतात. पहिला भाग कार्बन डायऑक्साइडचा. हा वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला झोंबत नाही, पण पृथ्वीचे तापमान वाढवणाऱ्या वायूंमध्ये त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि तो जाळलेल्या इंधनाच्या अगदी प्रमाणात निघतो. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम असते आणि त्यात साधारण ६४० ग्रॅम कार्बन असतो. जळताना कार्बनच्या प्रत्येक १२ ग्रॅमला हवेतील ३२ ग्रॅम ऑक्सिजन चिकटतो, म्हणून पाऊण किलोहूनही हलक्या असलेल्या त्या लिटरातून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डिझेलच्या लिटराचा हाच आकडा सुमारे २.७ किलो येतो. हे प्रमाण गाडीच्या कंपनीवर किंवा वयावर अवलंबून नसल्यामुळे या वायूचे माप घ्यायला कोणतेही यंत्र लागत नाही, इंधनाचा हिशेब पुरतो. दुसरा भाग कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळीचे सूक्ष्म कण यांचा. छातीला त्रास होतो तो यांच्यामुळे, आणि त्यांचे प्रमाण मात्र इंजिनाची अवस्था, ज्वलनाचा दर्जा, सायलेन्सरच्या मार्गात बसवलेली शुद्धीकरणाची साधने आणि चालकाची पद्धत या सर्वांवर ठरते.

वहीपासून सुरुवात

वाहनाच्या माहितीचे निरीक्षण म्हटले की उपग्रहाशी जोडलेली पेटी आणि मोबाइलवरचे आलेख डोळ्यांसमोर येतात. पण शंभर पानी वही आणि पेन यांच्या आधी या वस्तू विकत घेणे म्हणजे ओल न पाहता पेरणी करण्यासारखे आहे. पद्धत सोपी आहे. पंपावर टाकी नळी आपोआप बंद होईपर्यंत भरावी आणि मीटरवरचा किलोमीटरचा आकडा तारखेसह लिहावा. पुढच्या वेळी पुन्हा तितकीच भरून घेताना जेवढे लिटर बसले तेवढेच मधल्या अंतराला लागले असे धरावे. समजा, एका मोटारसायकलच्या वहीत पहिला आकडा १२,३४० आणि दुसरा १२,६८२ आहे व दुसऱ्या भरणीला ६.८ लिटर पेट्रोल बसले, तर ३४२ किलोमीटरांना ६.८ लिटर, म्हणजे लिटरमागे ५० किलोमीटरांचे अ‍ॅव्हरेज पडले, आणि त्या अंतरात सुमारे १५.६ किलो, म्हणजे दर किलोमीटरला ४६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. गाडी किंचित कललेली असली किंवा नळी लवकर बंद झाली तर पाव-अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो आणि एका भरणीवरून काढलेले अ‍ॅव्हरेज चार ते सात टक्क्यांनी चुकू शकते. म्हणून सलग तीन-चार भरण्यांची बेरीज करूनच निष्कर्ष काढावा, आणि शक्यतो एकाच पंपावर, एकाच जागी गाडी उभी करून भरावे. शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकून चालण्याची सवय असलेल्यांना ही पद्धत अवघड वाटते. त्यांनी प्रत्येक वेळचे लिटर लिहीत जावे आणि महिन्याच्या पहिल्या व शेवटच्या दिवशी मात्र टाकी पूर्ण भरावी.

याच वहीत आणखी दोन रकाने असावेत. एकात टायरची हवा आणि दुरुस्तीची नोंद, आणि दुसऱ्यात त्या आठवड्याची परिस्थिती: पाऊस, लग्नसराई, दोन स्वार, ओझे, वाटेवरचे रस्त्याचे काम. हा दुसरा रकाना नसेल तर आकडे दिशाभूल करतात, कारण मे महिन्यातील अ‍ॅव्हरेजची ऑगस्टमधल्या अ‍ॅव्हरेजशी तुलना करून चालकाला शहाणा किंवा वेडा ठरवणे अन्यायाचे होते.

इंधनाची अशी काटेकोर नोंद महाराष्ट्राला नवी नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एसटीत डिझेलचा हिशेब दहा लिटरमागे किती किलोमीटर या मापाने ठेवण्याची रीत आहे, आणि आगारात ‘केपीटीएल’ ही अक्षरे चालकांच्या तोंडी असतात. हे माप ठेवण्यात सोय मोठी आहे, कारण लिटरमागे ४.४ आणि ४.८ यांतला फरक कानाला किरकोळ वाटतो, पण दहा लिटरमागे ४४ आणि ४८ म्हटले की चार किलोमीटर डोळ्यांत भरतात. दिवसाला ३०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला ४४ च्या हिशेबाने ६८ लिटरांहून थोडे अधिक आणि ४८ च्या हिशेबाने साडेबासष्ट लिटर डिझेल लागते. म्हणजे एकाच गाडीमागे रोज साडेपाच लिटरांहून अधिक डिझेल आणि सुमारे १५ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. काळीपिवळीच्या किंवा मालवाहू गाडीच्या मालकानेही लिटरऐवजी दहा लिटरांचे माप धरावे.

गाडीच्या जाहिरातीतील अ‍ॅव्हरेजशी वहीतला आकडा जुळत नाही, तेव्हा निराश होण्याचे कारण नाही. तो आकडा प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून, ठरलेल्या वेगचक्रानुसार मिळवलेला असतो. युरोपीय संघाने २०२१ पासून नव्या मोटारींत प्रत्यक्ष इंधनखर्च साठवणारी यंत्रणा सक्तीची केली, आणि तिच्यातून गोळा झालेल्या माहितीवरून २०२४ मध्ये असे दिसले की रस्त्यावरील पेट्रोल-डिझेल मोटारींचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यापेक्षा सुमारे एक पंचमांशाने जास्त आहे. तुलना करायची ती स्वतःच्या गाडीच्या मागच्या महिन्याशी.

गाडीच्या पोटातली माहिती

वहीतून किती इंधन गेले ते कळते, पण ते कुठे आणि का गेले हे कळायला गाडीच्या आतली माहिती लागते. २०१३ नंतरच्या बहुतेक चारचाकींत स्टिअरिंगखाली सोळा पिनांची एक खोबण असते. गाडीचा संगणक इंजिनाविषयी जे जाणतो ते या खोबणीतून वाचता येते, आणि या सोयीला ओबीडी, म्हणजे गाडीवरच बसवलेली दोषनिदान यंत्रणा, असे म्हणतात. काडेपेटीएवढे ब्लूटूथचे साधन तिथे लावले की मोबाइलवर इंजिनाचे फेरे, वेग, पाण्याचे तापमान, इंजिनावरचा भार आणि इंधनाची दुरुस्ती हे आकडे दिसतात. यांतला शेवटचा आकडा फारसा कुणी पाहत नाही, पण मोलाचा आहे. सायलेन्सरच्या मार्गातील ऑक्सिजन मोजणाऱ्या संवेदकाकडून मिळालेल्या माहितीवरून संगणक पेट्रोलचा पुरवठा थोडा कमी-अधिक करत असतो; ही दुरुस्ती शून्याच्या आसपास, पाच टक्क्यांच्या आत राहिली तर ठीक, पण सतत दहा टक्क्यांच्या पलीकडे जात असेल तर कुठे तरी हवा गळते आहे, इंजेक्टर घाण झाला आहे किंवा संवेदक थकला आहे असे समजून मेकॅनिककडे जावे. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला असता त्यावर चिकटपट्टी लावणारे चालक आढळतात. तो दिवा लुकलुकू लागला तर इंजिनात न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकात जाऊन तिथेच पेटते आहे, असा त्याचा अर्थ असतो, आणि उत्प्रेरक, म्हणजे विषारी वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारे सायलेन्सरमधील महागडे साधन, अशा स्थितीत लवकरच कायमचे निकामी होऊ शकते.

साधन लावताना तीन पथ्ये आहेत: चालत्या गाडीत मोबाइलकडे पाहू नये, नोंद आपोआप होऊ द्यावी आणि घरी पोचल्यावर वाचावी; गाडी दिवसेंदिवस उभी राहणार असेल तर साधन काढून ठेवावे, नाही तर बॅटरी उतरते; आणि याच खोबणीत लावून इंधन वाचवण्याचे वचन देणाऱ्या स्वस्त डब्या विकत घेऊ नयेत, कारण त्यांत दिवे लुकलुकण्यापलीकडे काही घडत नाही.

सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी एआयएस-१४० या मानकानुसार ठिकाण सांगणारे यंत्र १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या गाड्यांना लागू झाले. हे यंत्र जागेबरोबर वेग आणि अचानक ब्रेक, अचानक वेगवाढ यांच्याही सूचना पाठवू शकते, पण बहुतेक मालक त्याचा उपयोग गाडी कुठे आहे एवढे पाहण्यासाठीच करतात. उत्सर्जनाच्या दृष्टीने खरे मोल त्या दुसऱ्या सूचनांचे आहे. एका सेकंदात वेग ताशी दहा-अकरा किलोमीटरांहून अधिक उतरला तर साधारणपणे तो अचानक ब्रेक धरला जातो, आणि शंभर किलोमीटरांमागे असे ब्रेक किती लागले हा आकडा चालकाच्या पद्धतीविषयी अ‍ॅव्हरेजपेक्षा लवकर बोलतो.

ब्रेकमध्ये जाणारे पेट्रोल

ब्रेक मारण्याचा आणि धुराचा संबंध अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून तो एकदा आकड्यांत पाहणे इष्ट आहे. माणसांसह १,२०० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्या गतीत सुमारे १६७ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. पेट्रोलच्या लिटरात ३२ मेगाज्यूल ऊर्जा असली तरी इंजिनातून चाकापर्यंत तिचा जेमतेम चौथा हिस्सा पोचतो. त्या हिशेबाने एवढी गती देण्यासाठी सुमारे २० मिलिलिटर पेट्रोल खर्ची पडलेले असते, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत ब्रेक दाबला की ते सर्व ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता होऊन जाते. भातकुलीहून अमरावतीपर्यंतच्या प्रवासाला लहान मोटारीला जवळपास एक लिटर लागते असे धरले, तर असे पाच ब्रेक म्हणजे त्या लिटराचा दहावा भाग झाला. भरलेल्या एसटीचे वजन पंधरा टनांच्या घरात असल्याने तिचा ताशी ५० वरून मारलेला एकच ब्रेक १०० मिलिलिटरांहून अधिक डिझेल खातो.

ब्रेक टाळायचा म्हणजे थांबायचे नाही असे नव्हे. थांबण्याची तयारी लवकर करायची. या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचे रस्ते चांगले बांधले तरी काही वर्षांत लाटांसारखे होतात, आणि ज्याला वाटेवरच्या लाटा, गतिरोधक व गावाची वस्ती पाठ आहे त्या चालकाला पाय कुठे उचलायचा हे शंभर-दीडशे मीटर आधीच ठाऊक असते. हे ज्ञान इथल्या नेहमीच्या चालकांपाशी आहेच. ते वापरायचे की शेवटच्या क्षणी ब्रेक मारायचा एवढाच प्रश्न असतो.

पाय उचलल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवायची की न्यूट्रलवर सोडायची, याबद्दल मात्र सार्वत्रिक गैरसमज आहे. इंजेक्शन पद्धतीच्या गाडीत, म्हणजे अलीकडच्या सर्व मोटारींत आणि एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-सहा मानकानंतरच्या जवळपास सर्व दुचाकींत, गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असले की संगणक पेट्रोलचा पुरवठा थांबवतो. चाकेच इंजिन फिरवतात आणि त्या काळात इंधन शून्य लागते. न्यूट्रल केले की इंजिनाला जिवंत राहण्यासाठी पुन्हा पेट्रोल द्यावे लागते. म्हणजे न्यूट्रलवर सोडणारा चालक इंधन वाचवतो आहे असे समजून ते जाळत असतो, आणि इंजिनाचा रोध गमावल्यामुळे गाडीवरचा ताबाही कमी करत असतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पुरवठा असा पूर्ण थांबत नाही, तरी तिथेही उतारावर किल्ली बंद करणे जिवावर बेतू शकते, कारण ब्रेकची मदत जाते आणि स्टिअरिंग अडकू शकते.

गाडी सुरू करून वेग घेताना जपानमध्ये सर्वसामान्य चालकांना शिकवला जाणारा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: पहिल्या पाच सेकंदांत ताशी २० किलोमीटर, त्याहून घाई नको. त्यानंतर वरचे गिअर लवकर टाकावेत. पेट्रोल मोटारीत दोन ते अडीच हजार फेऱ्यांच्या आत आणि डिझेलमध्ये दीड ते दोन हजारांच्या आसपास. मात्र इंजिन धडधडू लागेपर्यंत वरच्या गिअरमध्ये रेटू नये. जुन्या डिझेल जीपच्या मागे चढावर जो काळा लोट दिसतो तो पुष्कळदा याच हट्टातून आलेला असतो, कारण कमी फेऱ्यांत पुरेशी हवा इंजिनात येत नाही आणि डिझेल अर्धवट जळते.

वेगाबद्दल एक वेगळाच मोह या जिल्ह्यात अलीकडे निर्माण झाला आहे. अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरांचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्याचा जागतिक विक्रम झाला. गुळगुळीत रस्त्यावर चाकाचा रोध कमी होतो, म्हणून त्याच वेगाने गेल्यास इंधन कमीच लागते. पण रस्ता चांगला झाला की वेग वाढतो आणि वाचलेले सर्व हवेच्या रोधात जाते. हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ८० च्या जागी १०० ने गेल्यास हवा दीडपटीहून अधिक जोराने मागे ओढते. त्यात टपावर कॅरिअर आणि त्यावर ताडपत्रीने बांधलेले सामान असले तर हिशेब आणखी बिघडतो. भातकुली-अमरावती एवढ्या अंतरात ताशी ६० आणि ८० यांतला फरक चार-पाच मिनिटांचाच असतो, आणि तोही अर्धा शहराच्या तोंडाशी गर्दीत विरघळतो.

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे हा खर्च सर्वांत निरर्थक आहे. लहान मोटारीचे इंजिन उभ्या जागी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पिते आणि त्या बदल्यात एक पाऊलही पुढे जात नाही. अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करणे फायद्याचे. अपवाद एवढाच की लांब, भाराचा पल्ला संपवून आलेल्या टर्बो डिझेलला बंद करण्यापूर्वी मिनिटभर शांत चालू द्यावे, म्हणजे तापलेल्या टर्बोतले तेल जळत नाही. पौषातल्या रविवारी तालुक्यातील ऋणमोचनला पूर्णेच्या काठी यात्रा भरते. ज्या ठिकाणी गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन यात्रेकरूंनी केलेली घाण झाडली, त्या घाटाकडे जाणाऱ्या रांगेत शेकडो इंजिने एकाच वेळी उभ्या-उभ्या धडधडत राहणे मनाला लागते. दहा मिनिटे किल्ली फिरवून ठेवणे ही आजची खराट्याची सेवा आहे. सवारी भरेपर्यंत काळीपिवळी चालू ठेवण्याच्या सवयीलाही हेच लागू आहे.

टायरची हवा पंधरा दिवसांनी, सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी पाहावी. इथल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो आणि दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडली की दुसऱ्या सकाळी टायर मऊ पडलेला असतो. एअर फिल्टरविषयी सरसकट बोलू नये: नव्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत धूळ बसलेल्या फिल्टरने ताकद घटते, अ‍ॅव्हरेज फारसे बिघडत नाही, पण जुन्या डिझेलमध्ये आणि कार्ब्युरेटरमध्ये तोच फिल्टर काळ्या धुराचे मूळ असतो, आणि पांदण रस्त्याची धूळ खाणाऱ्या गाडीत तो कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या पुष्कळ आधी भरतो.

ट्रॅक्टर : एकरामागे लिटर

तालुक्याच्या डिझेलचा मोठा भाग रस्त्यावर नव्हे, वावरात जळतो, आणि पर्यावरणस्नेही वाहनचालनावरच्या लिखाणात ट्रॅक्टर सहसा राहूनच जातो. ट्रॅक्टरला किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज नसते. तासाला किती लिटर हे माप वापरले जाते, पण ते फसवे आहे, कारण रेंगाळत चालणारा ट्रॅक्टर तासाला कमी आणि एकराला जास्त डिझेल खातो. शिवाय जुन्या यांत्रिक तास-मीटरमध्ये घड्याळाचे तास मोजले जात नाहीत, इंजिनाचे फेरे मोजले जातात. म्हणून नोंद एकरामागे लिटर अशी, आणि कामानुसार वेगळी ठेवावी: नांगरणी, वखरणी, रोटाव्हेटर, पेरणी, ट्रॉली.

चाक जागच्या जागी फिरून घसरणे, म्हणजे स्लिप, हा ट्रॅक्टरच्या डिझेलचा मोठा चोर आहे आणि तो खडूच्या एका खुणेने पकडता येतो. मागच्या टायरच्या बाजूला खडूने ठळक रेघ ओढावी, अवजार उचललेल्या स्थितीत ट्रॅक्टर वावरातून चालवून ती रेघ दहा वेळा खाली येईपर्यंतचे अंतर पावलांनी नव्हे, टेपने मोजावे. मग त्याच वावरात, त्याच गिअरमध्ये, अवजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. पहिले ४० मीटर आणि दुसरे ३४ मीटर आले, तर ४० पैकी ६ मीटर, म्हणजे १५ टक्के फेरे मातीत वाया गेले. आठ ते पंधरा टक्के घसरण कामाची मानतात. त्याहून जास्त असेल तर मागच्या चाकांवर वजन घालावे, झिजलेले टायर बदलावेत, खोली थोडी कमी करावी. आणि पाच टक्क्यांहून कमी असेल तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड झाला आहे, तो उगाच ओझे वाहतो आणि माती दाबतो, असे समजावे.

खारपाणपट्ट्यात या मोजणीला आणखी अर्थ आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील क्षारयुक्त चिकण जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. ओली असताना ती चाकाला लगद्यासारखी धरते आणि सुकली की विटेसारखी होते, त्यामुळे वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य ओल, मोजक्याच दिवसांचा असतो. वाफशाआधी घाई केली तर घसरण वाढते आणि ढेकळे पडतात, उशीर केला तर तीच ढेकळे फोडायला रोटाव्हेटर दोनदा फिरवावा लागतो. दोन्ही परींनी डिझेल जास्त जाते. फवारणी किंवा रिकामी ट्रॉली यांसारख्या हलक्या कामाला गिअर वरचा आणि थ्रॉटल खाली ठेवावा, आणि तासे वावराच्या लांब बाजूने घालावीत म्हणजे धुऱ्यावरची वळणे कमी होतात. वळणावर काम होत नाही, डिझेल मात्र जळते.

पीयूसी आणि एका फटफटीवरची एक सीट

पीयूसी, म्हणजे वाहनाचे प्रदूषण नियंत्रणात असल्याचे प्रमाणपत्र, पोलिसाला दाखवण्याचा कागद समजला जातो, पण त्यावरचे आकडे वहीत उतरवले तर तो गाडीचा तपासणी अहवाल होतो. बीएस-चार आणि त्यानंतरच्या गाड्यांना ते वर्षभर, त्याआधीच्यांना सहा महिने चालते. पेट्रोल गाडीत उभ्या इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल गाडीत इंजिनाची रेस एकदम वाढवून धुराची दाटी मोजतात, आणि तिची मर्यादा बीएस-चारसाठी दर मीटरला १.६२ व बीएस-सहासाठी ०.७ आहे. गाडी पास झाली एवढ्यावर थांबू नये. बीएस-चार गाडीचा मागच्या वर्षी ०.५ असलेला आकडा यंदा १.३ झाला असेल तर ती पास असूनही इंजेक्टर तपासून घेण्याची वेळ आलेली आहे. मात्र पीयूसीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. बीएस-सहाच्या ट्रक-बसमध्ये त्यांचा बंदोबस्त युरियाच्या द्रावणाने होतो, आणि ते द्रावण वाचवण्यासाठी संवेदकाला फसवणारी जुगाडे बसवणे हा सर्वांच्या श्वासाशी केलेला अपराध आहे.

चांगल्या सवयींनी साधारण पाच ते दहा टक्के बचत टिकते, आणि पुन्हा पुन्हा आकडे दाखवले नाहीत तर तीही ओसरते, हे मान्य करूनच पुढचा हिशेब पाहावा. वर आलेल्या मोटारसायकलवर एकटा स्वार किलोमीटरला ४६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो, दोघे बसले तर प्रत्येकी २३. दहा लिटरांत ४५ किलोमीटर जाणारी एसटी किलोमीटरला सुमारे ६०० ग्रॅम सोडते, पण तीत चाळीस प्रवासी असतील तर माणशी १५ ग्रॅमच पडतात. तेरा प्रवासी असले की एसटी आणि एकट्याची फटफटी बरोबरीला येतात. सकाळच्या वेळेची बस वेळेवर येत असेल तर अ‍ॅक्सिलरेटरवरच्या कोणत्याही कौशल्यापेक्षा तीत बसणे अधिक परिणामकारक आहे, आणि येत नसेल तर वेळेवर येण्याचा आग्रह धरणे हेही धूर कमी करण्याचेच काम आहे.

उरतो तो प्रश्न नोंदीच्या वापराचा. एकापेक्षा जास्त चालक ठेवणारे मालक आकडे हाती आले की प्रथम कमी अ‍ॅव्हरेज देणाऱ्याला बोलावतात आणि सुनावतात, आणि तिथेच सगळे बिनसते: चालक यंत्राची तार सैल करतात, मीटरचे आकडे अंदाजाने लिहितात, नोंद खोटी होते. तुलना न्याय्य व्हायची तर चार आठवडे चालकांनी गाड्या अदलून-बदलून, त्याच फेऱ्यांवर चालवायला हव्यात, म्हणजे जुनी गाडी आणि जुना चालक यांतला दोष कुणाचा ते वेगळे करता येते. मग ज्याचे अ‍ॅव्हरेज सर्वांत चांगले त्याला दुसऱ्याच्या शेजारी बसवून एक फेरी मारावी. पाय कधी उचलतो आणि गिअर कधी बदलतो हे पाहून जे शिकता येते ते आलेखावरून येत नाही. वाचलेल्या डिझेलच्या पैशांतला ठरलेला हिस्सा चालकाला त्याच महिन्यात मिळावा. यंत्रातून येणारी चालकाची माहिती त्याची वैयक्तिक माहिती आहे, अशा माहितीसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, आणि ती कशासाठी घेतली जाते हे त्याला आधी सांगणे हा साधा सभ्यपणाही आहे. ड्युटी संपल्यावर तो कुठे गेला याची नोंद मालकाला असण्याचे कारण नाही. वही मालकाच्या कपाटात नको, गाडीच्या कप्प्यात असावी, आणि पंपावर उतरून तीत आकडा लिहिणारा हात चालकाचाच असावा.